लिन आला की...

"विनू, ये." ताई फोनवर एवढंच म्हणाली. सकाळचे सव्वासहा वाजले होते. कुठे, का, काय झालं, यातलं मी काहीच विचारलं नाही. शर्टाची बटणं लावत जिना उतरताना भावोजी गेले हा विचार माझ्या डोक्यात नंतर आला. आधी आलं ते वेगळंच. काल संध्याकाळी मी त्यांना जे बोललो ते आता कधीच परत घेता येणार नाही, हे आधी आलं. माणूस किती स्वार्थी असतो याचा मला स्वतःचाच राग आला, आणि तो राग घेऊनच मी रिक्षात बसलो.

आदल्या संध्याकाळी मी इस्पितळात त्यांच्याजवळ होतो. ताईला अंघोळीला आणि दोन घास खायला घरी पाठवलं होतं. थर्मासमधला चहा मी भावोजींच्या कपात ओतायला लागलो, आणि त्यांनी पलंगाशेजारच्या पत्र्याच्या टेबलावर दोन बोटांनी टकटक केली. ही टकटक आमच्या घरात सहा-सात वर्षं चालू होती. समोर कप ठेवला, चहा ओतायला घेतला की भावोजींची बोटं टेबलावर वाजलीच. ताई रोज करवादायची, "ओततेय ना, जरा दम धरा!" मीही हसण्यावारी नेत असे. त्या दिवशी मात्र माझं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. शाळेतले पेपर तपासायचे राहिले होते, रिक्षावाल्याशी भांडण झालं होतं, डॉक्टर नीट काही सांगत नव्हते. मी थर्मास आपटला आणि म्हणालो, "सारखी घाई कसली असते हो तुम्हाला? मी काय हॉटेलातला वेटर आहे?" भावोजींनी माझ्याकडे बघितलं. हसू येता येता राहिल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मग तो हात त्यांनी हळूच चादरीखाली घेतला आणि म्हणाले, "बरं. नाही करत."

ते "नाही करत" गेले तीन महिने माझा पिच्छा सोडत नाही. वर्गात फळ्यावर गणित मांडता मांडता मध्येच ऐकू येतं. भावोजी माझ्यावर नाराज होऊन गेले का, हा एकच प्रश्न. उत्तर द्यायला ते नाहीत, आणि ताईला विचारायची माझी छाती होत नव्हती.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, प्रभाकर. मूळचे मालवणकडचे, वाढले परळला, आणि लग्नानंतर वसई पूर्वेला फ्लॅट घेऊन कायमचे वसईकर झालेले. सातिवलीच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात मशिनांची देखभाल बघायचे. पायाला भिंगरी बांधलेला माणूस. जेवताना मांडी हलवणार, टीव्ही बघताना उभं राहणार, सिग्नलला रिक्षा थांबली की उतरून दोन पावलं चालून येणार. "बसा हो जरा," हे वाक्य ताईनं त्यांना जितक्या वेळा म्हटलं तितक्या वेळा त्यांचं नावही घेतलं नसेल. तेव्हा टेबलावर बोटं वाजवणं हा त्याच उतावळ्या स्वभावाचा आणखी एक चाळा आहे, यात आम्हाला कोणालाच शंका नव्हती.

या सगळ्याची सुरुवात एका मशीनमुळे झाली. महामारीच्या आदल्या हिवाळ्यात भावोजींच्या कारखान्यात चीनहून मोठं मोल्डिंग मशीन आलं आणि ते बसवायला लिन नावाचा एक इंजिनियर आला. दक्षिण चीनमधला, चाळिशीचा, शांत माणूस. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि भावोजींचं इंग्रजी मशीनच्या नटबोल्टांपलीकडे जात नव्हतं. फोन मध्ये ठेवायचा, एकानं त्यात बोलायचं, फोननं भाषांतर करून दुसऱ्याला ऐकवायचं, असा संसार सुरू झाला. पहिल्याच शनिवारी भावोजी त्याला मोठ्या थाटात चायनीजच्या गाडीवर घेऊन गेले. पाहुणा परका, त्याला घरची आठवण येत असणार, त्याच्या देशाचं काहीतरी खाऊ घालावं, हा भाबडा विचार. मंचुरियन, ट्रिपल शेजवान, वरून लालभडक सॉस... सगळं मागवलं. लिननं एक घास खाल्ला, बराच वेळ चावला, मग फोनमध्ये काहीतरी बोलला. फोननं खणखणीत हिंदीत विचारलं, "यह किस देश का खाना है?"

गाडीवाल्यासकट सगळे हसले. भावोजी हसले नाहीत. पुढचे सहा आठवडे लिन बिस्किटं, केळी आणि उकडलेल्या अंड्यांवर राहिला आणि जाताना विमानतळावर भावोजींना मिठी मारून गेला. ते मिठीचं कधी सांगत नसत. "माझ्या गावात आलेला पाहुणा उपाशी गेला रे," एवढंच सांगत. दुसरं मशीन बसवायला लिन परत येणार होता. तोवर खरं चायनीज जेवण कुठे मिळतं, कसं करतात, हे शोधून ठेवायचंच असं त्यांनी मनावर घेतलं. त्यानंतर प्रत्येक वाक्याची सुरुवात "लिन आला की..." अशी व्हायला लागली. मग महामारी आली, जाणं-येणं बंद झालं, ज्या ॲपवर दोघं बोलायचे ते ॲपही आपल्याकडे बंद झालं. वर्षातून एखादी ईमेल, तीही कंपनीच्या पत्त्यावर. भावोजींचा शोध मात्र थांबला नाही. उलट माणूस येत नाही म्हटल्यावर त्यांना जास्तच चेव चढला.

ताईनं पहिल्याच झटक्याला हात टेकले. "मी घराबाहेर पडले की मला साधा डोसा लागतो, माझ्यामागे लागू नका," असं तिनं स्वच्छ सांगितलं. मग राहिलो मी. सुट्ट्या असणारा मास्तर, दोन स्टेशनं पलीकडे विरारला राहणारा. माझगावातलं जुनं चिनी देऊळ शोधायला आम्ही एका रविवारी ऐन दुपारी गल्ल्यांमधून दोन तास हिंडलो. सापडलं तेव्हा लाकडी जिना चढून वर लाल रंगाची, उदबत्त्यांच्या धुराची एक खोली. तिथे बांबूच्या नळकांड्यात काड्या असतात, त्या हलवून एक खाली पाडायची आणि तिच्यावरच्या आकड्याचा छापील कागद काढून कौल बघायचा. भावोजींनी आपल्या गावच्या रवळनाथाला विचारावं तितक्या श्रद्धेनं डोळे मिटून काड्या हलवल्या. "काय विचारलंत?" मी म्हणालो. "लिन कधी येईल ते." "आणि देवानं काय सांगितलं?" "चिनीत सांगितलंय," असं म्हणून त्यांनी तो कागद घडी घालून खिशातल्या वहीत ठेवला. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराला त्यांनी विचारलं, तुमचं खरं जेवण कुठे मिळेल? तो म्हणाला, घरी.

या उत्तरानं त्यांना चैन पडेना. दुसऱ्याच्या घरी कसं घुसणार? पण ते घुसले. कंपनीनं त्यांना चेन्नईजवळच्या एका कारखान्यात पाठवलं, तर तिथे चिनी इंजिनियर ज्या इमारतीत राहायचे तिच्या तळमजल्यावर विनापाटीची खाणावळ होती, ती त्यांनी नुसत्या वासावर शोधून काढली. तिथूनच मला फोन. "विनू, मासा अख्खा! डोक्यासकट! नुसता वाफवलेला, वर आलं आणि कांद्याची पात. बाकी काही नाही रे, काही नाही!" मी दहावीच्या वर्गाबाहेर उभा राहून हे ऐकत होतो. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी ते मासळीबाजारात हजर. पाचूबंदरची आग्नेसबाय आमची नेहमीची मासेवाली. ताजा सरंगा उचलून भावोजींनी तिला विचारलं, पाण्याच्या वाफेवर अख्खा शिजवला तर किती वेळ लागेल?

"निस्ता पान्यावर?" आग्नेसबाय कोयता खाली ठेवून म्हणाली. "तेल नाय, मसाला नाय? घरात कोन आजारी हाय का?"

"नाही हो बाय. पाहुणा यायचाय."

"मंग पाव्हन्याला आजाऱ्याचं जेवन घालनार?"

त्या बाईनं बोलता बोलता नेमकी त्यांची दुखरी नस पकडली होती. हे मला कळलं कोलकात्यात. तिथे जुन्या चिनी वस्तीत सकाळी रस्त्याच्या कडेला न्याहरी मिळते असं भावोजींनी कुठूनसं ऐकलं आणि नाताळच्या सुट्टीत मला ओढून नेलं. सहा वाजता आम्ही तिथे उभे. बहुतेक गर्दी आमच्यासारख्याच हौशी लोकांची, चिनी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एका म्हाताऱ्या बाईनं पातेल्यातून वाडगा भरून भावोजींच्या हातात दिला. पांढरं, पातळ, वाफाळतं. वर खारवलेल्या माशाचा तुकडा. भावोजींनी एक चमचा तोंडात घातला आणि माझ्याकडे बघत राहिले. मग रस्त्यातच हसत सुटले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "विनू, पेज! अरे ही पेज आहे! सुक्या माशाबरोबर... माझ्या आयेनं दिलेली!"

हा माणूस रोज सकाळी उकड्या तांदळाची पेज पिऊन कारखान्यात जायचा. लिन सहा आठवडे बिस्किटं खात होता तेव्हाही भावोजी घरी पेज पीत होते. "मग त्याला घरी बोलावून ही द्यायची ना," मी म्हणालो. भावोजी एकदम गंभीर झाले. "पेज? पाहुण्याला? आपल्याकडे कोण आजारी असलं की देतात ती पाहुण्यापुढे ठेवायची? मला सुचलं असतं तरी लाज वाटली असती." तेवढ्यात त्या बाईनं आमच्या पेल्यांत चहा ओतायला घेतला आणि भावोजींची बोटं बाकड्यावर वाजली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या शहरात, परक्या म्हाताऱ्या बाईला घाई करायची? पण ती रागावली नाही. तोंडभर हसली आणि भावोजींच्या ताटलीत पिठाचा एक वाफवलेला गोळा जास्तीचा ठेवून गेली. मला वाटलं, बिचारी घाबरून लगबग करतेय. मी भावोजींना दिवसभर टोमणे मारत राहिलो आणि ते नुसते हसत राहिले.

त्यांची वही होती, कारखान्यातल्या देखभालीच्या नोंदींसाठी मिळते तसली. तिच्यात शहरांची नावं आणि खाली शेरे. नागपूरच्या लग्नात मिळालेल्या चायनीज भेळेपुढे फक्त "अरे देवा." पुण्यातल्या एका हॉटेलापुढे "वास बरोबर, पण साखर." चेन्नईपुढे "लिनला चालेल." कोलकात्यापुढे काहीच नाही, नुसतं पेजेच्या वाडग्याचं एक वेडंवाकडं चित्र. जेवणाखेरीज बाकीचंही तिच्यात होतं. जेवायची काडी भातात उभी खुपसायची नाही, मासा एका बाजूनं संपला की उलटा करायचा नाही, पाहुण्याचा पेला रिकामा दिसता कामा नये. जे जे नवं कळेल ते ते आम्हाला सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. सगळं सांगायचे. निदान मला तसं वाटत होतं.

या वर्षी दुसऱ्या मशीनची ऑर्डर गेली आणि लिनच येणार असं ठरलं. भावोजी निवृत्त झाले होते, पण ही बातमी त्यांना कारखान्यातून कोणीतरी कळवली. त्या दिवशी ते मला भेटायला विरारला चालत आले असते तरी मला नवल वाटलं नसतं. "विनू, दोन दिवस कोलकात्याला जाऊन येऊ. तो खारवलेला मासा आणू. लिन आला की..." मी म्हणालो, पेपर आहेत. महिन्यानं पुन्हा विचारलं, मी म्हणालो, निकाल आहेत. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, कारण तोवर ते इस्पितळात होते. तिथे त्यांना दोन्ही वेळेला पेज देत. "बघ, चिनी जेवण," म्हणून त्यांनी मला वाडगा दाखवला होता. आणि मग ती संध्याकाळ, तो थर्मास, ते "नाही करत."

लिन आला. तीन आठवडे उशिरा आला. कारखान्यातल्या लोकांनी त्याला सांगितलं तेव्हा त्यानं घरी जायचं म्हणून हट्ट धरला आणि मला फोन आला. मी ताईला विचारलं, जमेल का तुला? ती म्हणाली, "त्यांनी सात वर्षं वाट बघितली. मी काय नाही म्हणू?" रविवारी सकाळी मी आग्नेसबायकडे गेलो. "ते उकडायवाले भावोजी?" ती म्हणाली. "पाव्हना आला शेवटी?" तिनं सरंगा निवडून दिला आणि पिशवीत न सांगता सुक्या माशाचा एक पुडा घातला. ताईनं वही समोर उघडून मासा वाफवला, वर आलं आणि पात घातली. आणि पेज केली. "लाज वाटली तर वाटली," ती स्वतःशीच म्हणाली.

लिनचे केस पिकले होते. त्यानं भावोजींच्या फोटोला तीनदा वाकून नमस्कार केला आणि त्यांच्यासाठी आणलेला चहाचा डबा फोटोसमोर ठेवला. पेजेचा वाडगा पुढे आला तेव्हा त्यानं एक चमचा घेतला, थांबला, मान खाली घातली आणि मग वर न बघता सगळी संपवली. ताईनं दुसऱ्यांदा वाढली, तीही. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. हे बघायला जो माणूस कोलकात्यापर्यंत धावला, त्याची खुर्ची रिकामी होती आणि मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो.

जेवण झाल्यावर ताईनं त्यानं आणलेलाच चहा केला. फोन टेबलावर मध्ये ठेवलेला होता, आता तो मराठीही बोलतो. लिन त्यात काहीतरी सांगत होता. भावोजींनी मशीनचा एक बिघाड नुसता कान लावून कसा ओळखला, असलं काही. ताई त्याच्या कपात चहा ओतायला वाकली. आणि लिननं बोलणं न थांबवता, तिच्याकडे न बघता, दोन बोटांनी टेबलावर टकटक केली.

ताईच्या हातातली किटली तशीच राहिली. सात वर्षांची सवय, तिच्या तोंडून निघून गेलं, "ओततेय ना, जरा दम धरा!"

फोन चालूच होता. त्यानं इमानेइतबारे ते चिनीत लिनला ऐकवलं. लिन गडबडून उभाच राहिला, दोन्ही हात जोडून फोनमध्ये भराभर बोलला. मग फोनचा तो कोरडा, पुस्तकी आवाज आला. "क्षमा करा. मला घाई नाही. आमच्या प्रांतात चहा ओतणाऱ्याचे आभार असे मानतात. बोलणे तोडायचे नसते, म्हणून बोटांनी. हे मी प्रभाकरला शिकवले. त्याला फार आवडले. तो म्हणाला, आमच्या घरात बायकोला आणि मेहुण्याला आभार म्हणत नाहीत, म्हटले तर ते हसतील. आता मी रोज म्हणेन, आणि त्यांना कळणार नाही."

ताई खाली बसली, भावोजींच्या खुर्चीतच. "दिवसातून तीनदा," ती म्हणाली. "विनू, दिवसातून तीनदा... आणि मी प्रत्येक वेळी ओरडले रे." फोन हेही भाषांतरित करायला लागला. मी तो उचलून पालथा घातला.

मला उत्तर मिळालं होतं. भावोजी नाराज नव्हते. मी अर्धा कप चहा ओतला, त्यांनी माझे आभार मानले, मी त्यांच्या अंगावर खेकसलो, आणि त्यांनी बरं म्हणून हात आत घेतला. एका वाक्यात सांगितलं असतं तर मी त्यांचे पाय धरले असते. पण हसतील म्हणून सांगितलं नाही, आणि ते खरं आहे, मी हसलो असतो. उत्तर मिळाल्यावर जीव थाऱ्यावर येईल असं वाटलं होतं. तसं काही झालेलं नाही. उलट आता मी बसल्या जागी मांडी हलवतो, ताईनं परवा दाखवून दिलं.

लिन मशीन बसवून गेला. रविवारी मी ताईकडे जातो. जेवणाच्या टेबलावर भावोजींच्या जागेसमोर सनमायकाची चकाकी गेलेली आहे, साधारण दोन बोटांएवढीच. इतकी वर्षं तिथे फडकं फिरवलं, कधी लक्षात आलं नव्हतं. ताई अजून त्यांच्याच खुर्चीत बसते. परवा तिचे गुडघे दुखत होते म्हणून चहा मी केला. ती सोसायटीच्या पाण्याबद्दल काहीतरी तक्रार करत होती. मी तिच्या कपात चहा ओतायला लागलो, आणि बोलता बोलता, माझ्याकडे न बघता, तिची दोन बोटं त्या जागेवर वाजली.

"असू द्या," मी म्हणालो.

मी ताईला कधीच अहो-जाहो करत नाही. ती पाण्याची तक्रार पुढे सांगत राहिली. कप अर्धाच भरला होता. मी तो काठोकाठ भरला.